दिव्यानंतरची उजळणी

त्या संध्याकाळी आईने तुळशीपुढे दिवा लावला. बाबा ओटीवरच्या बाकावर बसले, वहाणा काढून बाजूला सारल्या आणि नेहमीसारखे म्हणाले, "अस्पेत्तो."

मी वह्या तपासत होते. वेंगुर्ल्याच्या शाळेत लागून मला दुसरं वर्ष होतं आणि सहामाहीचे गठ्ठे पुढ्यात पडले होते. बाबा माझ्यासाठी थांबले. एक शब्द त्यांचा, पुढचा माझा, अशी आमची रीत होती. मी सात वर्षांची असल्यापासून ती चालत आली होती. पाढे, पावकी, निमकी झाली की शेवटी हे.

"अस्पेत्तो," ते पुन्हा म्हणाले.

"बाबा, पुरे आता. मी काय ल्हान आसंय?"

"ल्हान खंय? मास्तरीण झालंस. मास्तरणीक पाठ येवक नको?"

"माका येता सगळा. चाळीस वह्यो आसत हंयसर."

आतून आई म्हणाली, "सोडा तिका. आणि जेवक येवा. सुंगटां निवतत."

बाबा हसले आणि उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे, मी झोपेत असताना, ते काजूची पोती घेऊन मचव्याने मालवणला निघाले. काजूच्या कारखान्यात ते मुकादम होते, महिन्यातून एकदा अशी खेप असे. ऑक्टोबर होता, साठ साल. दुपारी वारा फिरला आणि निवतीच्या पुढे मचवा उलटला. दोघे खलाशी पोहून किनाऱ्याला लागले. बाबा लागले नाहीत.

अस्पेत्तारे म्हणजे वाट पाहणं. इटलीतलं साधं, रोजच्या वापरातलं क्रियापद. बाबा ते तिथूनच घेऊन आले होते. मराठा पलटणीतून ते आफ्रिकेत लढायला गेले, बेचाळीस साली वाळवंटात पकडले गेले आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले. पुढल्या वर्षी इटली शरण गेली आणि एका सकाळी पहारेकरी बंदुका टाकून पळाले. बाबाही डोंगरात पळाले. अस्सुन्ता नावाच्या एका म्हातारीने त्यांना आपल्या गोठ्यात गवताखाली लपवलं. रस्त्यावर जर्मनांच्या गाड्या वाजल्या, की ती त्यांचं डोकं हाताने खाली दाबून म्हणायची, "अस्पेत्ता." थांब, वाट बघ. त्या भाषेतला त्यांचा पहिला शब्द हा. तिचा मुलगा रशियात लढायला गेला होता आणि त्याचं पत्र नव्हतं. रोज संध्याकाळी ती त्याचं ताट मांडायची, आणि ते उचलेपर्यंत बाबांकडून त्या एका क्रियापदाची रूपं घोकून घ्यायची. तिला बहुधा दुसरं काही शिकवायचं सुचतच नसावं.

बाबांनी ती देवनागरीत एका वहीत उतरवली होती. व्याकरणाच्या संज्ञा त्यांना ठाऊक नव्हत्या. काळांना आणि अर्थांना त्यांनी आपली नावं दिली होती. अस्पेत्तो, अस्पेत्ति, अस्पेत्ता, म्हणजे मी, तू, तो वाट पाहतो, हे 'आजचं'. अस्पेत्तावो म्हणजे 'तेव्हा रोजचं', मी वाट पाहत असे. ओ अस्पेत्तातो म्हणजे 'झालं ते'. अस्पेत्तेरो हे 'उद्याचं'. अस्पेत्तेरेई म्हणजे 'जमलं असतं तर'. आणि एक शेवटचं होतं, खात्री नसताना, इच्छा किंवा भीती असताना वापरायचं. त्याला ते 'मनातलं' म्हणत. पुढे मी पुष्कळ व्याकरणं वाचली. इतकी सरळ नावं कुठे सापडली नाहीत.

इकडे आमच्या गावात त्याच वेळी काय चाललं होतं, ते सांगायला हवं. छावणीतून येणारी पत्रं बंद झाली आणि सरकारी कागद आला. पोस्टमास्तरांनी तो वाचून 'पत्ता लागत नाही' एवढंच सांगितलं. बाबांचे थोरले भाऊ भिकाजीकाका सहा महिने थांबले. मग त्यांनी भटजींना बोलावलं. दर्भाचा माणूस केला. त्याला आंघोळ घातली, पंचा नेसवला. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून काकांनी अग्नी देताना माझा हात आपल्या हाताला लावून घेतला. मी सहा वर्षांची होते. दर्भ फार चटकन जळतो. आईने कुंकू पुसलं.

पुढच्याच वर्षी बाबा घाटीची पाऊलवाट चढून दारात उभे राहिले.

बायका आत पळाल्या. काकांच्या हातातला तांब्या पडला. ज्याचे दिवस घातले तो घरात कसा घ्यायचा, म्हणून भटजींनी पोथी काढली. बाबांना पाण्याच्या मोठ्या घंगाळात बसवून बाहेर काढलं, त्यांचं बारसं केलं, लवू हेच नाव पुन्हा ठेवलं आणि आईशी पुन्हा लग्न लावलं. आईबापांच्या लग्नात अक्षता टाकलेली मुलगी सबंध तालुक्यात मी एकटीच असेन. त्यानंतर बाजारात कोणीही हाक मारी, "काय रे मेल्ल्या, खंय चल्लंस?" आणि बाबा म्हणत, "तुझ्या तेराव्याक जेवक."

आई मात्र या थट्टेला कधी हसली नाही.

म्हणून मचवा उलटल्यावर, बारा दिवस शोध होऊन काही हाती लागलं नाही तेव्हा, काका पुन्हा भटजींचं नाव काढू लागले आणि आई ओटीवर येऊन उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती एरवी पदर पुढे घेतल्याशिवाय येत नसे.

"तुमी तेका एकदा जाळलास," ती म्हणाली. "तो जिवंत होतो. आता मी कुंकू पुसूचंय नाय."

"सुभद्रे, लोक काय म्हणतले?"

"तेवाय लोकच म्हणी होते."

काका माझ्याकडे वळले. "तू शिकलंलं मां गो? सांग आवशीक."

मी वह्यांचा गठ्ठा उचलून आत गेले.

आणखी आठ दिवसांनी कमरुद्दीन शाळेत आला. आरोंद्याच्या खाडीत त्याची होडी होती. सुकी मासळी घेऊन तो वेंगुर्ल्याच्या बाजाराला येई आणि बाबांशी त्याची जुनी ओळख होती. मधल्या सुट्टीत विहिरीपाशी उभं राहून त्याने धोतराच्या फडक्यातली वस्तू उघडली.

"बाय, ह्यो पट्टो वळखतंस?"

पलटणीचा जाड पट्टा. आतल्या बाजूला बाबांनी खिळ्याने कोरलं होतं 'लवू', आणि त्याखाली 'अस्पेत्ता'.

"आमच्या खाडीत मडां लागलला, तोंड वळखूक येय नव्हता. पाटलान बेवारस म्हणान नोंद केल्यान. गाववाल्यांनी थंयच काठार आग दिली, लाकडां माझी. तेवा पट्टो कोणी नीट बघूक नाय. काल मिया चिखल धुतलो तर अक्षरां दिसली." त्याने पट्टा माझ्या हातात दिला. "खालचा काय लिवला तां माका कळला नाय. आवशीक तूच सांग. माझ्या तोंडान नको."

मी मान हलवली. पट्टा दप्तरात घातला, घरी आणला आणि माझ्या ट्रंकेत पुस्तकांच्या तळाशी ठेवला. उद्या सांगू, असं त्या रात्री ठरवलं. एकदा माझ्या हाताने बाबांना अग्नी दिला गेला होता, आणि ते परत आले होते. पुन्हा तेच माझ्या तोंडाने करायचं मला धैर्य झालं नाही. शिवाय, सांगितलं नाही तोवर त्या घरात अजून तिघं होतो.

अशी सव्वादोन वर्षं गेली.

घर तसंच चालू राहिलं. आई मागच्या दाराची कडी लावीत नसे. बाबांचं ताट मांडी, आणि आमचं जेवण झालं की त्यातला भात सकाळच्या पेजेत मिसळी. दिवा लागला की ओटीवर तेवढा वेळ फार शांत होई. कोणीतरी एक शब्द उच्चारून पुढच्या शब्दासाठी थांबलं आहे, असं मला रोज वाटे. मी वहीवरून डोकं वर काढीत नसे. बाकावर बाबांची जागा रिकामी असे आणि तरी मी टोकालाच बसे.

काका मधूनमधून येत. शेवटच्या खेपेला ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तो मदीच रवलो हा गो. ना हंय, ना थंय. माझ्या सपनात येता, उंबऱ्यार उभो रवता, पाणी गळता आंगातसून. आत ये म्हटला तर येय नाय." आई आत निघून गेली. माझ्या हातातलं पेन मात्र कागदावर तसंच टेकून राहिलं आणि शाईचा डाग पसरत गेला. कारण बाबांना उंबऱ्यावर कोणी अडवलं होतं, ते मला माहीत होतं.

परवा, माघात, शाळेतून यायला उशीर झाला. वाडीतल्या आमच्या आवाठात शिरले तेव्हा दिवा लागलेला होता. आणि ओटीवरून आवाज आला, "अस्पेत्तो."

मी माडाला धरून उभी राहिले. थोडी शांतता, मग, "अस्पेत्ता." पुन्हा शांतता. "अस्पेत्ताते." पहिलं, तिसरं, पाचवं. बाबांचे सगळे शब्द, बाबांच्याच लयीत, आणि आवाज आईचा. मधल्या जागा मोकळ्या.

मी पायरी चढले. आई बाकावर त्यांच्या जागी बसली होती. तिला अक्षरओळख नाही.

"आये, तुका हां कधी येवक लागला?"

"पंधरा वर्सां चुलीकडे बसान आयकी होतंय मां? कानात बोळे होते काय माझ्या?" ती म्हणाली. "तुझो वाटोय येता. पण तो तुझो."

"अर्थ म्हायत आसा?"

"तेणां सांगल्यान." तिने ओटीवरच्या दिव्याची वात पुढे सारली. "ती म्हातारी झिलाची वाट बघी, आणि मी सा म्हयन्यांत कुंकू पुसून बसलंय. तो कधी बोलाक नाय. पण रोज दिव्याक तुका तांच म्हणूक लावी. माका वाटा, माकाच आयकवता." तिने पदर सारखा केला. "ह्या येळेक मी चुकूचंय नाय."

तिने परत सुरुवात केली. या वेळी उद्याचं. "अस्पेत्तेरो," ती म्हणाली. मी वाट पाहीन. आणि माझ्याकडे पाहत थांबली, बाबा थांबत तशी. कपाळावर कुंकू, हात मांडीवर. ती खरंच पुढली वीस वर्षं थांबली असती.

मी आत गेले. ट्रंक उघडली, पुस्तकं एकेक करून जमिनीवर ठेवली. पट्ट्याला बुरशी आली होती. पदराने ती पुसली आणि बाहेर येऊन पट्टा दिव्याखाली, तिच्यासमोर ठेवला. तिने तो ओळखला. हात मात्र लावला नाही.

"खंयसून हाडलंस?"

शेवटच्या संध्याकाळी बाबा दोनदा ज्याच्यासाठी थांबले होते तो माझा शब्द आधी माझ्या तोंडून बाहेर पडला, "अस्पेत्ति." मग मी तिच्या पायांशी बसले.

"आये," मी म्हटलं, "बाबा गेले. आरोंद्याक गावलले. थंयच तेंका आग दिली. माका पयल्या म्हयन्यापासून म्हायत होता, आणि मीयाच तेंका उंबऱ्याभायर उभे करून ठेवलंय."