फळ्याचा उजवा कोपरा

विज्ञानाच्या सरांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची लेक शाळेत आली होती ती एवढंच सांगायला, की बाबांच्या नावानं बक्षीस द्यायचंच असेल तर ते मार्कांना देऊ नका.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत भिंतभर निकालाचे फलक होते. शंभर टक्के, शंभर टक्के, पुन्हा शंभर टक्के. एका वर्षी जरा घसरगुंडी झाली होती. त्या फलकापुढे नेमकी उंच झाडाची कुंडी ठेवलेली.

"तुझ्या बाबांची कृपा ती," बाई कुंडीकडे बघत म्हणाल्या. "दोन कच्च्या पोरांना शाळेतर्फे परीक्षेला बसवू नका म्हटलं, तर सर हटूनच बसले. बरं, मार्कांना नको तर बक्षीस द्यायचं कशाला?"

"ज्याच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनाही येणार नाही, त्याला."

सरांची रीतच होती तशी. उत्तर येत नसलं की ते सरळ "मला माहीत नाही" म्हणत, प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत आणि भोवती चौकट आखत. उत्तर सापडेपर्यंत तो पुसायचा नाही. मग घरी जेवताना घास हातातच राही. आई म्हणे, "आज कुठल्या कार्ट्यानं डोकं खाल्लंय?" सर खुशीत सांगत, "कार्ट्यानं नाही, कार्टीनं!"

"अगं, पण प्रश्न मोजायचे कसे?" बाई म्हणाल्या. "पालक मला धारेवर धरतील."

"मार्क नकोत असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. थर्मामीटर घरात असावा म्हणायचे. पण तो पाजून ताप उतरत नाही."

बाई मनापासून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "असंच बोलायचे गं. पण फलकावर नाव रंगवून झालंय. विज्ञानात पहिली आलेली मुलगी बाहेर उभी आहे. आता तिचा हिरमोड करू का?"

लेकीनं पर्समधून डबी काढली. आत बाबांचा काचेचा लोलक होता.

मुलगी आली, वाकून नमस्कार करून उभी राहिली. चुणचुणीत होती. लेकीनं डबी तिच्या हातात दिली आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "सरांच्या शेवटच्या तासाला कोपऱ्यात कुठला प्रश्न होता गं?"

दवाखान्यात बाबा शुद्धीवर आले की एकच विचारत, "कोपरा पुसला नाही ना कुणी?" आणि लेक शाळेत जाऊन न बघताच म्हणे, "नाही बाबा."

"माझाच होता की!" मुलगी म्हणाली.

"काय होता?"

मुलीनं डोळे मिटले, ओठ चावला. पाठांतरातलं काही अडावं तशी ती घाईघाईनं आठवू लागली. मग तिचा चेहरा पडला. "आठवत नाही, मावशी. नवे सर म्हणाले, हा परीक्षेला येणार नाही, जागा अडवतोय. मग मीच पुसला."

"बरं," लेक म्हणाली.

मुलीनं डबी उघडली. "लोलक! प्रकाशाचं अपस्करण, सात रंग. हे येतं मला, तीन मार्कांना असतं."

खिडकीतलं ऊन थेट तिच्या हातावर पडलं होतं. काचेला ओरखडा पडू नये म्हणून तिनं जपून झाकण लावलं.