टायरांच्या बदल्या

आमच्या श्रीकृष्णरावांची उभी नोकरी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत गेली. लोकांच्या बदल्यांचे आदेश काढायचे, हे काम. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. घरात बदली करण्याजोगी मी एकटीच उरले, आणि मी काही ऐकत नाही. म्हणून एका रविवारी ते गाडीच्या टायरांकडे वळले.

नेमकी त्याच रविवारी मला गाडी हवी होती. साठीला दोन वर्षं कमी असताना मी लायसन काढलं. त्याला सहा महिने झाले, पण मारेगावच्या बाहेर एकटीनं गाडी न्यायची म्हटलं की ह्यांना कधी ब्रेक आठवतात, कधी बॅटरी. झरी जामणीकडच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. तिथे खिचडी शिजवणाऱ्या सुखीबाईचा फोन आला होता, "बाई, एकडाव या की." मी सांगून बसले, रविवारी येते, स्वतः गाडी चालवत येते. आज राहिलं तर जन्मात जाणं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आठला अंगणात पाहते तर गाडीखाली जॅक.

"अहो, आजच काहून?"

"दहा हजार किलोमीटर झाले. पुढचे टायर जास्त झिजतात. त्यायच्या जागा बदलाव्या लागतात."

काम मात्र नेमाचं, मानलं पाहिजे. हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा लावलेल्या, नट जमिनीवरच थोडे सैल करून मग गाडी उचललेली. प्रत्येक टायरवर खडूनं हुकूम: 'पुढचा डावा, मागच्या डाव्या जागी.' जॅक एकच, म्हणून चाक निघालं की त्या जागी तेवढ्यापुरती स्टेपनी.

"म्हणजे प्रभारी," मी म्हटलं.

"बरोब्बर!" ते खूश झाले. "मूळ माणूस रुजू झाला की प्रभारी मोकळा."

डावी बाजू झाली. उजवी अर्ध्यावर असताना त्यांच्या ऑफिसातल्या रामरावांचा फोन आला आणि अर्धा तास चालला. मग परत येऊन त्यांनी उरलेलं चाक डिकीत टाकलं, नट आवळले, हात धुतले.

"झालं. आता आठ दिवस गाडी काढाची नाही. टायर नव्या जागी रुळले पायजे."

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावर गॅरेज असलेले युनूसभाई कंपाउंडवरून बघत होते. त्यांनाच विचारलं, "युनूसभाई, टायरले रुळाले आठ दिवस लागतात काय?"

"नाई भाभी. टायर काही नवी सून थोडीच हाय. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट एकदा आवळून पाहा, बस."

मी गाडीभोवती फिरले. पुढच्या उजव्या चाकाचं रबर कोरं करकरीत, अंगावरचे बारीक रबरी केससुद्धा शाबूत, आणि खडूचा हुकूम कुठेच नाही. डिकी उघडली. आत वापरलेला टायर, त्यावर सुवाच्य अक्षरात: 'मागचा उजवा, पुढच्या उजव्या जागी.'

"अहो, तुमचा प्रभारी खुर्ची सोडून नाही राह्यला."

युनूसभाई पोट धरून हसले. "साहेब, आर्डर तं झकास काढली, अमल कोण करन?"

श्रीकृष्णराव पान्याकडे बघेनात. मी पदर खोचला. युनूसभाई मदतीला येत होते, त्यांना थांबवलं. विटा लावल्या, पान्यावर पाय देऊन नट सैल केले, जॅक चढवला, स्टेपनी काढली, चाक बसवलं. नट समोरासमोरचे आवळत गेले, गाडी खाली आल्यावर पुन्हा पक्के केले. युनूसभाईंनी चारही चाकांची हवा पाहून दिली आणि हसतच गेले.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी गेली तं काय बिघडते?"

"टायरचं राहू द्या. खरं काय ते सांगा."

ते बराच वेळ विटा एकावर एक रचत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस वर्षं तू तिकडून एसटीनं येत होती. मी रोज स्टँडवर उभा राहत होतो. तू म्हणायची, भाजीले आलते काय. भाजीले नव्हतो येत मी. आता तू गाडीनं जाशील. मी कुठं उभा राहू?"

मला रडू आलं. आणि एवढं बोलायला ह्या माणसानं चारही चाकं खोलली, याचा रागही आला.

"फाटकात," मी म्हटलं. "पाच वाजता. मले अजून गाडी आत घेता येत नाही, खांबाले घासते. मागं घे, पुढं घे, सांगाले कोणी पायजे."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"साडेचारलेच येऊन उभा राहतो," ते म्हणाले.