दार पुन्हा अडकलं

दोघी जावा वसतिगृहाच्या अंगणात पोचल्या, तेव्हा तिथला कारभार बघणारे काका जेवणघराच्या दाराला रंधा मारत होते. पायाशी लाकडाच्या सालींचा ढीग साचला होता.

"फुगलंय मेलं," काका म्हणाले. "या आठवड्यातली तिसरी वेळ. लागतच नाही."

थोरलीने मान डोलावली, पण नजर चौकटीच्या कोपऱ्यावर गेली. नगरपालिकेसाठी बावीस वर्षं ती जुन्या इमारती तपासत आली होती. कुणाकडे लग्नाला गेली तरी आधी भिंतीचे तडे बघायची.

"ताई," धाकटी म्हणाली, "आठ दिवस सुट्टी आहे आपल्याला. भिंतींनाही द्या की थोडी!"

सुट्टी त्यांनी कमावलेली होती. वर्षभर दोघींनी आळीपाळीने सासूबाईंचं आजारपण काढलं होतं. त्या हिंडूफिरू लागल्या आणि त्यांनीच फर्मान सोडलं, "आता जरा माझ्या डोळ्यांसमोरून जा दोघी."

डोंगर चढायला येणाऱ्यांसाठीचं हे वसतिगृह दगडी होतं, दुमजली. पुढे तळं, आणि मागे डोंगर इतका जवळ की वरच्या खिडकीतून हात काढला तर झाडाला लागावा. दोघींखेरीज सात भटके उतरले होते. सकाळी निघताना काकांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "वरच्या झऱ्याचं पाणी प्या. काचेसारखं आहे."

तासाभराच्या चढानंतर झरा लागला. पाणी गढूळ होतं, चहासारखं.

"वर पाऊस झाला असेल," धाकटी म्हणाली.

"तीन आठवडे पाऊस नाही, काकाच म्हणाले ना?"

पुढे वाटेवरची झाडं तळ्याकडे कललेली होती, एकजात सगळी. आणि वळणावर भेग दिसली. तीन बोटं रुंद, वाटेला आडवी, दोन्ही बाजूंनी झाडीत शिरलेली. कडा अगदी ताज्या होत्या. थोरलीने भेगेच्या अल्याड-पल्याड एकेक काटकी रोवली, बुटाची नाडी सोडून दोन्हींमधलं अंतर मोजलं आणि नाडीला गाठ मारली. धाकटीने चेष्टा करायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं.

माथ्यावर जाऊन डबा खाऊन परतेपर्यंत तीन तास गेले. आता नाडी पुरेना. गाठ दुसऱ्या काटकीपासून वीतभर अलीकडेच राहिली.

थोरली उतारावरून जवळजवळ धावतच खाली आली.

"काका, डोंगर सरकतोय. दार लाकूड फुगल्यामुळे अडकत नाहीये, घरच हलतंय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी निघायला हवं."

"तीस वर्षं आहे मी इथे, बाई." काका समजुतीने हसले. "भेगा पडतात, बुजतात."

कोपऱ्यात एक गृहस्थ गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. ते म्हणाले, "माझे पाय तरी हलणार नाहीत आज." बाकीचे हसले.

"हसताय काय!" थोरली ओरडली.

धाकटीला तड्यांतलं काडीचं कळत नव्हतं. पण सासूबाईंचा श्वास अडकला होता त्या दिवशीसुद्धा थोरलीचा आवाज चढला नव्हता. धाकटी तडक वर गेली आणि एकेकाची पिशवी आणून अंगणात टाकू लागली. गृहस्थांचे मोजेही तिने दोरीवरून ओढून आणले. आरडाओरडा झाला, पण ज्याचं सामान बाहेर तो माणूसही हळूहळू बाहेर आला.

तळ्याला वळसा घालून पलीकडच्या गावात जायला दोन तास लागणार होते. तिथल्या शाळेत काकांची बहीण शिकवायची. काकांनी तिला फोन करून वर्ग उघडायला सांगितलं. स्वतः मात्र निघेनात.

"स्वयंपाकघर आवरतो, सकाळी येतो. तुमच्या समाधानासाठी."

थोरली दारात घुटमळली. वडीलधारा माणूस, त्याचंच घर. त्याला आणखी किती बोलायचं? ती निघाली.

सकाळी डोंगर होता तसाच उभा होता. पलीकडच्या काठावर वसतिगृह काडेपेटीएवढं दिसत होतं. रात्रभर बाकांवर आखडलेले लोक कुरकुरत होते. "नाश्त्याचं आता बाईंनाच विचारा," म्हणत गृहस्थ बूट चढवू लागले. आणखी दोघं परत निघायच्या तयारीत होते. थोरलीला ओशाळल्यासारखं झालं. तिने काकांना फोन लावला.

"निघतोच आहे," काका म्हणाले. त्यांना हसू येत होतं. "दाराने आज कमालच केली. आतून उघडतच नाही. खिडकीतून उडी मारावी लागणार, या वयात."

"काका, काही घेऊ नका. आत्ता उडी मारा. आत्ता!"

"अहो, चष्मा तरी—"

तळ्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले. थोरलीने मान वर केली. समोरच्या डोंगराची हिरवी बाजू, कुणी पलंगावरची चादर ओढावी तशी, अख्खी खाली येत होती. आवाज नव्हता. आवाज नंतर आला, आणि शाळेच्या काचा फुटल्या. मग तळं उठलं. काठाला बांधलेल्या होड्या लाटेबरोबर शाळेच्या पायरीपर्यंत येऊन आपटल्या. समोर नुसती तांबडी माती होती, पाण्यापर्यंत.

फोन कानालाच होता. त्यात काही ऐकू येत नव्हतं.

काकांची बहीण धावत आली. ती समोर बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने थोरलीकडे वळली.

"तुमच्याशी बोलत होता ना? घाबरला होता का?"

"नाही," थोरली म्हणाली. "हसत होते."

बहिणीने पायरीला हात लावून बघितलं आणि चिखलातच बसली.

गावकरी चार दिवस माती उपसत होते. दोघी जावा त्यांच्यात राबल्या. इतर भटके निघून गेले. जाताना ते गृहस्थ थोरलीसमोर हात जोडून उभे राहिले, पण तिला त्यांच्याकडे बघवेना. पाचव्या दिवशी काका सापडले.

परतीच्या गाडीत अर्धा रस्ता सरला.

"हाताला धरून ओढायला हवं होतं मी," थोरली म्हणाली.

धाकटीने खिडकीबाहेर बघत नाक पुसलं. "हो," ती म्हणाली. "मीही."