पाठीच्या खोबणीतला फोन

त्या सकाळी त्या इमारतीत दोन माणसं अडकली होती. लिफ्टमध्ये शाळेच्या एक बाई, आणि वर मशीनरूमच्या झाकणात त्यांना सोडवायला आलेला बारक्या.

जुनी इमारत. लिफ्टची मोटर सगळ्यात वर, एका खोलीत. शेवटच्या मजल्यावरून लोखंडी शिडी चढायची, छताला एक चौकोनी भोक, त्यावर झाकण. झाकण ढकलायचं आणि भोकातून वर शिरायचं. बारक्याचं डोकं शिरलं, हात शिरले, छाती शिरली. पोट म्हणालं, मी इथेच थांबतो.

मोटर समोर दोन हातांवर दिसत होती आणि बारक्याचे पाय खाली शिडीवर सायकल चालवत होते. वॉचमनने आधी ओढलं, मग ढकललं, मग घरातून तेलाची बाटली आणली. शेवटी दुसरा मेकॅनिक आला, त्याने आधी बारक्याला सोडवलं आणि मग बाईंना. बाई पाऊण तास आत होत्या. बाहेर आल्या त्या बारक्याकडेच बघून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला लागलं नाही ना?"

लोक शिव्या देतात, त्याची सवय असते. हे जास्त लागलं.

बारक्या हे नाव कंपनीतच पडलं होतं. अठराव्या वर्षी कामाला लागला तेव्हा इतका काटकुळा होता, की जिथे कुणी मावत नाही तिथे त्याला पाठवायचे. सोळा वर्षांत नाव तेवढं राहिलं, बारीकपणा कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही.

साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, हेच वाईट.

"तीन महिन्यांनी सगळ्यांची तपासणी आहे. तुला त्याच झाकणातून चढवून बघणार. गेलास तर मेकॅनिक. नाही गेलास तर ऑफिसात टेबल देतो. पंखा आहे, वेळेवर चहा आहे. काय वाईट?"

"काही वाईट नाही, साहेब," बारक्या म्हणाला, आणि घरी येऊन जेवला नाही. टेबलावर बसून तो काय करणार होता? अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं की आतल्या माणसाचा एक चेहरा होतो. एकदाच होतो, दोन सेकंद. तो बघायला बारक्या सोळा वर्षं ग्रीसमध्ये हात घालत आला होता. फायलीत तसला चेहरा कुठून येणार?

म्हणून तो धावायला लागला. रोज पहाटे साडेपाचला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून नदीच्या रस्त्याने.

आता घोळ असा, की पाच ते नऊ ही त्याचीच पाळी होती. या वेळात कुणी अडकलं की ऑफिसातून फोन येतो, आणि तो पाच रिंगांच्या आत उचलायचा. नाही उचलला तर ऑफिसातल्या फळ्यावर नावापुढे लाल टिंब. तीन टिंबं झाली की टेबल. म्हणजे नोकरी टिकवायला धावायचं, आणि धावताना फोन जवळ नसला तर नोकरी जायची.

पहिल्या दिवशी फोन चड्डीच्या खिशात. दहा पावलांत तो मांडीवर थपडा मारायला लागला. शंभर पावलांत चड्डी एका बाजूने उतरायला लागली. बारक्या एक हात कमरेला धरून धावत घरी आला. बायको म्हणाली, "पोटात दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी हातात. तळवा घामेजला, बोटं आवळली गेली, खांदा भरून आला. टाकीच्या वळणावर फोन सुटला आणि काचेला एक लांबलचक चीर पडली.

मग त्याने दंडावर बांधायचा पट्टा आणला. लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा एक नियम असतो, अंगावर सैल काही नको. आठव्या मजल्यावरून पाना सुटला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात जातो. त्यामुळे बारक्याच्या हाताला एकच गोष्ट येत होती, आवळणं. त्याने पट्टा आवळला. हलतोय असं वाटलं, अजून आवळला. तिसऱ्या किलोमीटरला बोटांना मुंग्या आल्या आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पट्ट्याचं प्लास्टिक आतून घामाने धुकटलेलं. तो बोट फिरवतोय, फोन ऐकत नाही. बोट पुसलं, फिरवलं. पाच रिंगा झाल्या.

एक टिंब.

मग कमरेचा पट्टा. पोटावर बांधला की वर सरकायचा, बरगड्यांपाशी जाऊन बसायचा. फोन आत बेडकासारखा उड्या मारायचा. बारक्या चिडला. त्याने बॅगेतून वायरींना गुंडाळायची काळी टेप काढली आणि फोन, पट्टा आणि बनियन असं सगळं मिळून तीन वेढे दिले. उडी मारून बघितलं. दगड! जराही हलत नव्हता. तो इतका खूश झाला की त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात धावला.

सहा वाजून दहा मिनिटांनी दगड वाजायला लागला.

बारक्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून नखांनी टेपचं टोक शोधत होता. टोक सापडेना. दातांनी प्रयत्न करावा तर तोंड पोटापर्यंत जाईना. फोन वाजून थांबला. लिफ्टमध्ये एक नवरा-बायको होते. भांडत चढले होते म्हणे. चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा दोघं एका सुरात कंपनीला शिव्या देत होते.

दुसरं टिंब.

त्या संध्याकाळी तो ताईच्या दुकानात गेला. बारक्याची थोरली बहीण कपडे उसवून-शिवून बेताचे करून देते. लांब झालेले, आखूड झालेले, सुटलेले, आटलेले. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. स्टुलावर कोट घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

ताईने टेपचं ते गाठोडं हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"फोन आहे का बॉम्ब?"

"ताई, चेष्टा नको. अजून एक टिंब आणि मी टेबलावर."

"तू टेबलावर बसलास तर टेबलाचं काय होईल, त्याचा विचार केलास?"

मावशी फिसकन हसल्या. बारक्याने खाली बघितलं. ताईने ते बघितलं आणि चष्मा नाकावर घेतला. चष्मा घेतला की ती कामाचं बोलते.

"इकडे ये. कंबर कुठे आहे तुझी?"

त्याने हात लावून दाखवलं.

"ते पोट आहे. कंबर खाली असते, हाडावर. हाड हलत नाही, पोट हलतं. तू हलणाऱ्या जागी घट्ट बांधतोस आणि मग म्हणतोस हलतंय."

"अजून आवळलं तर?"

"अरे, तू सगळ्याला नटबोल्ट समजतोस! कापड आवळून राहत नाही. अंगाबरोबर थोडं ताणलं, थोडं सुटलं, तर राहतं. रुंद पाहिजे आणि मऊ पाहिजे."

तिने खालच्या खोक्यातून एक पँट काढली. पोटुशा बाईची होती, वरचा भाग रुंद, लवचीक कापडाचा. बाळंत झाल्यावर ती बाई न्यायला आलीच नव्हती. ताईने तो भाग कचाकच कापला.

"हे मी घालू?" बारक्या म्हणाला.

"नऊ महिने पोट सांभाळलंय याने. तुझं तर सहज सांभाळेल."

पट्टा कमरेच्या हाडावर बसला. आता फोन कुठे ठेवायचा. ताईने आधी पुढे खोचला. "वाक." वाकल्यावर पोटात टोचला. बाजूला सरकवला. "हात हलव, धावल्यासारखे." कोपर आपटलं.

"उड्या मार."

"इथे?"

"मग काय, लग्नात मारणार?"

बारक्याने उड्या मारल्या. आरसा थरथरला. मावशींनी कोट छातीशी धरला.

"शाफ्टमध्ये पाना कुठे खोचतोस?" ताईने सहज विचारलं, टाचण्या तोंडात धरून.

"मागे. पाठीच्या खोबणीत. पुढून-बाजूने भिंतीला घासतं ना."

"किती वर्षं?"

"सोळा."

ताईने टाचण्या तोंडातून काढल्या आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. मावशींनीही बघितलं.

"निघूनच गेलं डोक्यातून," बारक्या म्हणाला.

"डोक्यातून नाही गेलं. कामावरचं शहाणपण तू कामावरच ठेवून येतोस."

तिने मागे खिसा शिवला. अंगाच्या बाजूला जुन्या रेनकोटचं कापड, म्हणजे घाम फोनला लागणार नाही. वरून नुसती एक झापड. चेन नाही, बटण नाही. दोन बोटं घातली की फोन बाहेर. शेजारी अजून एक बारका कप्पा काढला.

"हा कशाला?"

"तुझी ती लिफ्टच्या दाराची किल्ली. फोन आला तर किल्ली आणायला परत घरी जाणार आहेस का?"

हे सोळा वर्षांच्या मेकॅनिकला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो धावायला लागला आणि टाकीपर्यंत पोचल्यावर घाबरून थांबला. फोन पडला असं वाटलं. हात मागे नेला. होता. त्या आठवड्यात तो असा बारा वेळा तरी थांबला असेल. मग थांबायचा बंद झाला. पुढचे दोन महिने पाच फोन आले. फोन मणक्यापाशी थरथरायचा, आवाज कानाला यायच्या आधी पाठीला कळायचं. पाचही दुसऱ्या रिंगला उचलले.

तपासणीला बारा दिवस होते तेव्हाची गोष्ट. सहा पस्तीसला पाठ थरथरली.

"बोला!"

"धापा का टाकताय?" ऑफिसातल्या फोनवाल्या बाईंनी विचारलं.

"धावतोय. बोला ना."

त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं. बारक्याचे पायच थांबले. तीच. झाकणाची. आणि अडकल्या होत्या त्याच, शाळेच्या बाई. शेवटच्या मजल्यावर राहायच्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि लिफ्ट हातभर खाली जाऊन थांबली.

स्कूटर घरी, मागे. इमारत पुढे, दीड किलोमीटर. बारक्या पुढे धावला.

वॉचमनने त्याला बघितलं आणि आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आला.

"मिस्त्री, दुसऱ्या कुणाला फोन लावू का? आधीच?"

"ती बाटली घरी ठेवा."

पण वॉचमन बाटली घेऊनच मागोमाग जिने चढला. बारक्याने लिफ्टच्या दारावर थाप मारली. "बाई, मी आलोय. दहा मिनिटं द्या."

"तुम्हीच का?" आतून आवाज आला. मग जरा थांबून, "सावकाश हं."

शिडी. झाकण. डोकं, हात, छाती. बारक्याने सगळा श्वास सोडला, खांदे तिरके केले. पोट घासत घासत चाललं, चाललं, आणि मागून काहीतरी अडलं. त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती जोर लावायची. पाय शिडीवर रोवले. मग त्याला आरसा आठवला, टाचण्या आठवल्या. तो एक पायरी खाली उतरला, पाठीमागे दोन बोटं घातली, फोन काढून वरच्या फरशीवर सरकवला. पुन्हा श्वास सोडला. पोट, कंबर, आणि मग तो गुडघ्यांवर वर होता. कोपर सोललं होतं. एक मिनिट नुसता बसून राहिला. मोटरकडे बघून म्हणाला, "काय मग?"

मेन स्विच बंद केला. भिंतीवरचा दांडा घेऊन ब्रेक सोडला, चाक हाताने हळूहळू फिरवलं, दोरावरची मजल्याची खूण जुळेपर्यंत. ब्रेक लावला. खाली उतरला, पट्ट्याच्या कप्प्यातली किल्ली काढली, दार उघडलं.

बाई वह्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. हातात लाल पेन. त्यांनी वर बघितलं आणि तो चेहरा झाला. दोन सेकंद.

"अकरा वह्या तपासून झाल्या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कसे..."

तेवढ्यात वर फोन वाजला.

बारक्याचा हात पाठीकडे गेला. खोबण रिकामी. फोन मशीनरूमच्या फरशीवर होता, जिथे त्याने ठेवला होता तिथेच, आणि झाकणातून त्याचा आवाज जिनाभर घुमत होता. एक रिंग. दुसरी. बाई काहीतरी विचारत होत्या. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, तुमचा..." बारक्या शिडीवर होता. तिसरी. चौथी. पाचवी अर्धी झाली असेल.

"हॅलो!"

"उचलायला एवढा वेळ?" साहेब होते. "कुठे होतास?"

"खाली. बाई बाहेर आल्या, साहेब. ठीक आहेत."

"आणि आता कुठे आहेस?"

बारक्याने इकडेतिकडे बघितलं. मोटर, चाक, भिंतीवरचा दांडा. पायाशी चौकोनी भोक आणि भोकातून वर बघणारं वॉचमनचं तोंड.

"वर," तो म्हणाला.



"वर म्हणजे आत? पूर्ण?"

"पूर्ण, साहेब."

खाली वॉचमन बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावत होता.