वहिनीच्या खडकातला बॉम्ब

वहिनी खडकावर मांडी ठोकून बसली होती आणि गरम पाण्याची नळी धरलेला साहेब तिला चौथ्यांदा सांगत होता, की बाई, आम्ही तुमच्याच भल्यासाठी आलोय. वहिनीच्या हातात खडकाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं फोडायचा लोखंडी टोचा होता, म्हणून साहेब हे भलं जरा लांबूनच करत होता.

झालं होतं असं. तेलाचं जहाज दूर समुद्रात फुटलं आणि तिसऱ्या दिवशी तेल आमच्या किनाऱ्याला लागलं. लाट यायची ती आवाज न करता, दमेकऱ्यासारखी. खेकडे निघायचे ते काळे गमबूट घातल्यासारखे. मी गावचा थापाड्या. देवमाशाची दाढ मी लवंग लावून बरी केली, हे आजही शपथेवर सांगतो. पण त्या आठवड्यात मला एक थाप सुचली नाही.

मग सफाईवाले आले. त्यांनी अख्ख्या गावाला बूट दिले, नळ्या दिल्या, कामाला लावलं. नळीतून वाफाळतं पाणी असं सुटायचं की खडकाची सालटी निघावीत. आठ दिवसांत खडक घासल्या पातेल्यासारखे लखलखले. गाव खूश, साहेब खूश. राहिला एकच, टोकाचा, वहिनीचा.

माझा भाऊ गेल्यावर वहिनीनं दोन पोरी ह्या खडकावर वाढवल्या. कालवं काढायची तिची रीत आमच्या आईनं घालून दिलेली: वीतभर जागेत एक म्हातारं कालव सोडायचंच. पाण्यातून वाहत आलेलं पिल्लू म्हाताऱ्याच्याच पाठीवर बसतं. उघड्या दगडाला ते धरत नाही. बाकीच्या बायका तिला हसायच्या, पण टोपली तिचीच आधी भरायची.

नळीनं धुतलेल्या शेजारच्या खडकावरचं एक कालव उचलून तिनं साहेबापुढं धरलं. आपोआप उघडलेलं होतं.

"हे काय झालंय, साहेब?"

"स्वच्छ झालंय."

"शिजलंय."

साहेबानं नकाशा काढला. नकाशात तिचा खडक लाल होता आणि संध्याकाळपर्यंत तो हिरवा करायचा होता. वहिनी म्हणाली, इथं लाट समोरून बसते, तेल आज ना उद्या तीच नेईल. जे चार जीव श्वास रोखून बसलेत त्यांना तेवढं सोडा. खरं तेच बोलत होती. मीही तिच्या बाजूनं तासभर खरंच बोललो. जन्मात एवढा वेळ खरं बोललो नव्हतो. घशाला कोरड पडली आणि उपयोग शून्य. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत. शेवटी साहेबानं दोघा माणसांना खूण केली, की बाईला उचला.

तेव्हा मी म्हणालो, "उचला. फक्त गरम पाणी जपून मारा. खाली बॉम्ब आहे."

साहेबाची नळी खाली आली. मी सांगितलं, लढाईच्या काळात विमानातून पडला, फुटलाच नाही, माझ्या आज्यानं स्वतः वर दगड लोटले. नावाडी माझ्यामागं उभा होता. त्यानं तोंडावरची माशी हलू न देता मान डोलावली. मग न्हाव्यालाही आठवलं. अर्ध्या तासात खडकाला तारेचं कुंपण पडलं, त्यावर कवटीची पाटी लागली आणि माझी सही असलेला कागद सरकारदरबारी गेला. नकाशात खडक काळा झाला. वहिनी मला एवढंच म्हणाली, "भावजी, तुमच्या जिभेला हाड नाही ते बरंच आहे."

पहिलं वर्ष वाईट गेलं. खडकाला रॉकेलचा वास. वहिनी वीटभट्टीवर जायची आणि येताना कुंपणाशी उभी राहून बघायची. पावसाळी लाटांनी डांबर खरवडलं. मग गोगलगायी दिसल्या, मग कालवं. दुसऱ्या वर्षी टोकाचा खडक भरला. आणि लखलखीत खडकांवर? शेवाळ खाणाऱ्या गोगलगायीच शिजल्या होत्या, तेव्हा हिरवं शेवाळ असं माजलं की न्हावी दोनदा आपटला. कालव एकही नाही.

आता पाटी काढायची म्हणून मी कचेरीत गेलो. पाच खेपा झाल्या. कारकुनानं माझाच कागद माझ्यापुढं सरकवला.

"बॉम्ब आहे असं लिहून देणारे तुम्हीच?"

"मीच. थाप होती."

"तेव्हा खोटं बोलत होतात, मग आता खरं कशावरून?"

मी म्हणालो, माणूस पाठवा, खणून बघा. तर म्हणे, सापडलेला बॉम्ब काढल्याचा दाखला मिळतो; न सापडलेल्याचा नमुनाच आमच्याकडं नाही. थाप एका दुपारी नोंदली गेली, आणि खरं पाच महिने बाकड्यावर बसून होतं. डोकं फुटायची वेळ आली, बॉम्ब तेवढा फुटेना.

तणतणत किनाऱ्यावर आलो. वहिनी भट्टीच्या धुळीनं लाल झालेली, कुंपणाबाहेर शेजारच्या धुतलेल्या खडकापाशी वाकून बसलेली. मी म्हणालो, चुलीत गेली ती पाटी, तार तोडतो, काढ तुझी कालवं. तिनं हात धरून मला खाली बसवलं. शेवाळाच्या फटीत, शिजून मेलेल्या म्हाताऱ्यांच्या उरल्यासुरल्या शिंपांवर, नखाएवढी कालवं चिकटली होती. सात-आठ. टोकाच्या खडकावरून वाहत आलेली. आणि त्यांच्या शेजारी टोच्याचे ताजे घाव. कुणीतरी आत्तापासूनच खरवडायला लागलं होतं, नखाएवढी सुद्धा.

वहिनी कितीतरी वेळ त्या घावांवर अंगठा फिरवत राहिली. भट्टीवर अजून किती वर्षं, हा हिशेब ती करत असावी.

मग ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "भावजी, उद्या परत कचेरीत जा."

"आता कशाला?"

"त्या विमानातनं एकच पडला होता का, नीट आठवून बघा."