अक्काच्या गाडीचं पुढचं चाक

आश्विनातल्या एका रविवारचं दुपारचं ऊन अंगणातल्या शहाबादी फरशीवर तापत पडलं होतं आणि त्या उन्हात माझी मोठी बहीण, अक्का, आपल्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसली होती. डिझेलचा उग्र दर्प, कपाळावरून ओघळून भुवईत थबकणारा तिचा घाम, आणि लोखंडावर लोखंड आदळल्याचा तो कोरडा, हट्टी नाद. अक्काचं नाव निघालं की आजही मला आधी हा नादच ऐकू येतो.

अक्का एका दूधसंस्थेसाठी गावोगाव फिरून जनावरांना औषधपाणी करते. पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट चढवून ती गोठ्यात शिरते, बिथरलेल्या म्हशीच्या पाठीवर तळहात टेकते, आणि वारा पडल्यावर तळं निवावं तशी म्हैस निवते. तिचं बोलणं जोंधळ्याच्या भाकरीसारखं, कोरडं आणि पोटभरीचं. लग्न तिनं केलं नाही, माझं टिकलं नाही. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच भावंडं.

आषाढात एका गावाच्या वाटेवर चिखलात तिची गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. अर्धा तास ती भर पावसात रस्त्याकडेला पडून होती. हे तिनं मला सांगितलं नाही. तिला दवाखान्यात आणणाऱ्या माणसानं सांगितलं. तेव्हापासून कागलच्या एमआयडीसीत कामावर असताना फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावायचो.

प्लास्टर निघालं, पण हातात पूर्वीचा जोर आला नाही. संस्थेनं निरोप धाडला: सोमवारी हजर व्हा, नाहीतर तुमची गावं दुसऱ्याला देतो. गाडीचा पुढचा टायर झिजून गुळगुळीत झालेला. शाहूपुरीतला टायरवाला म्हणाला, चाक सोडवून आणा, रविवारी संध्याकाळी घालून देतो. चाक सोडवणं अक्काला नवं नव्हतं.

इंजिनाखाली ओंडका सरकवून तिनं गाडीचं तोंड उचललं. ब्रेकची तार सुटली, मीटरची केबल सुटली, मोठा नटही सुटला. आता चाकातून आरपार गेलेला लोखंडी आस ठोकून बाहेर काढायचा, एवढंच उरलं होतं. पण आस हलेना.

"गंजलाय," अक्का म्हणाली. "डिझेल वत, आणि चाक खालनं धर."

चाक धरायला मी फरशीवर आडवा झालो आणि मला तो दिसला. पुढच्या दांड्याच्या तळाशी, मागच्या अंगाला, वाळल्या चिखलात बुजलेला एक लहानसा बोल्ट. तोच आसाला आवळून धरतो. तो सैल केल्याशिवाय आस निघत नाही. पूर्वी दर खेपेला अक्का आधी त्यालाच हात घालायची. तीन-चार महिन्यांच्या खंडानं म्हणा, नाहीतर दुखऱ्या मनगटाच्या धास्तीनं म्हणा, त्या दिवशी ती त्याला विसरली.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

चाक निघालं नाही तर सोमवार चुकेल, गावं जातील, आणि अक्का घरी राहील. धडधाकट राहील. हा विचार माझ्या मनात चोरपावलांनी आला आणि पुढचे तीन तास तिथंच ठाण मांडून बसला. ती ठोकत राहिली. उजवा हात थकला की डाव्यानं, डावा चुकला की पुन्हा उजव्यानं. हातोडी निसटून बोटाची साल निघाली, ते तिनं तोंडात धरलं, थुंकली आणि पुन्हा ठोकू लागली. तिच्या प्रत्येक घावासरशी माझा जीव चिडत होता, तिच्या हट्टावर, त्या मुक्या लोखंडावर, आणि सगळ्यांत जास्त माझ्या मिटलेल्या ओठांवर.

"ऱ्हाऊ दे की अक्का," मी म्हणालो. "नोकरी गेली तर गेली. मी हाय की."

"तू हाईस, व्हय," ती म्हणाली. "पर मी कुठं असायचं मग?"

सूर्यास्ताआधी जेवण हा तिचा नेम. इतक्या वर्षांच्या वणवणीतही तो मोडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी भाकऱ्या झाकलेल्याच राहिल्या. शेजारच्या गच्चीवरचं ऊन विझलं, म्हणजे आता ती उपाशीच झोपणार. तिनं हातोडी फरशीवर ठेवली, अगदी हळू, कुणी झोपलं असावं तशी.

"जाऊ दे," ती म्हणाली. "सांगते त्यास्नी फोन करून. म्हणावं, न्हाय जमत आता."

दुपारभर मला हेच ऐकायचं होतं. पण तिच्या आवाजात अक्काच नव्हती. कुणीतरी परकी, थकलेली बाई बोलत होती.

"अक्का, खाली एक बोल्ट हाय," मी म्हणालो. "मागल्या अंगाला."

तिनं चाचपडून पाहिलं. बोट तिथंच थांबलं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"दुपारपास्नं."

तिनं पाना घेतला, बोल्ट सैल केला, आणि तीन तास न हललेला आस दोन ठोक्यांत तिच्या हातात आला. चाक खांद्यावर टाकून ती एकटीच शाहूपुरीकडे निघाली. मी पुढं केलेला हात तिला दिसला की नाही, कोण जाणे. सोमवारी पहाटे चाक बसवून ती कामावर गेली. तिची गावं आजही तिच्याकडेच आहेत.

आमचं भांडण असं झालंच नाही. मला ताप आला तर ती काढा करते, जेवताना म्हशींच्या गोष्टी सांगते. फक्त पुढच्या खेपेला चाक सोडवायची वेळ आली तेव्हा तिनं अंगणातल्या पत्र्याच्या शेडच्या आडव्या खांबाला दोर बांधला आणि गाडीचं तोंड एकटीनं ओढून वर बांधलं; चाक धरायला मला हाक मारली नाही. मी दारात उभा होतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

गेलेल्या माणसाची उणीव काळ हळूहळू बुजवत जातो म्हणतात. पण जे माणूस रोज समोर वावरतं आणि आपल्यापुरतं थोडंसं उणं होऊन गेलेलं असतं, त्याच्या उणिवेपुढे काळही हात टेकतो.