माझ्या वतीने सोडलेला डाव

मित्रांनो, नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या एका माळ्यावर पडून असलेला मी बुद्धिबळाचा जुना संगणक आहे.

वीब्रन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडले. मला हात नव्हते. मी पडद्यावर चाल दाखवायचो. वीब्रन ती पटावर करायचा आणि घड्याळ दाबायचा. त्याच्या हातांवर माझा पूर्ण विश्वास होता.

लेवार्डन शहरातल्या बुद्धिबळ मंडळात माझे कौतुक झाले, तशी कुरकुरही झाली. एकटा राजा उरला तरी मी खेळत राहायचो. "वीब्रन, तुझ्या डब्याला जरा लाज शिकव रे!" पंच बाउक्येबाई ओरडायच्या. "इथं वाटाण्याचं सूप गार झालं!" हरलेला डाव ताणणे म्हणजे तिथे समोरच्याचा अपमान. म्हणून नियम झाला की यंत्राच्या वतीने, त्याच्या चाली पटावर करणाऱ्या माणसाने डाव सोडला तरी चालेल. मलाही तो पटला.

माणूस विरुद्ध यंत्र स्पर्धेची शेवटची फेरी आली. निदान अर्धा गुण मिळाला, तरच पुढच्या वर्षी मला प्रवेश होता. समोर सिटसमा सर होते. वीब्रनला खेळ त्यांनीच शिकवला होता; आता ते वयाने थकले होते.

त्यांच्याकडे वजीर जास्त होता. पण माझा राजा कोंडला होता आणि प्यादी अडली होती. मी हत्ती त्यांच्या राजाला चिकटवून शह देणार होतो. त्यांनी तो मारला तर मला चालच उरत नव्हती, म्हणजे बरोबरी. नाही मारला तर माझे शह संपत नव्हते, म्हणजे तीही बरोबरीच. मी चाल दाखवली आणि शेजारी शून्य मांडले. शून्याचा अर्थ बरोबरी, हे मला वीब्रननेच शिकवले होते.

त्याने शून्य पाहिले. मग सरांकडे पाहिले.

"सोडला डाव, सर," म्हणत त्याने हात पुढे केला.

टाळ्या वाजल्या. सर मात्र पटाकडेच बघत राहिले. त्यांनी माझा हत्ती उचलून आपल्या राजाशेजारी ठेवला.

"हे दिसलं नाही त्याला?"

वीब्रनने मान खाली घातली.

"म्हणजे दिसलं होतं! गाढवा, मी त्याच्याशी खेळायला आलो होतो. तुझी दया मागितली होती का?"

हात मिळवले की डाव संपतो. निकाल बदलला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. सर वीब्रनशी पुन्हा खेळले नाहीत.

मित्रांनो, यंत्राने डाव कधी सोडावा? वाट उरली नाही, की लगेच. पण कोणाची कीव आली म्हणून कधीच नाही. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. तुम्ही कोणाचे हात झालात, तर आधी त्याची चाल करा. हरायचे असेल, तर तो आपला आपण हरेल.